शिर्के सिस्टरांची सही

शिर्के सिस्टर आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्यापैकी कुणी खुर्चीतून उठलं नाही. त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुढचे अकरा महिने मात्र त्यांनी आम्हाला उभं ठेवलं.

आमचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर. परळमधल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलने आम्हाला काम दिलं होतं. पेशंटच्या खाटेला औषधांचा कागदी तक्ता लटकवलेला असतो, तो काढून टाकायचा आणि त्याऐवजी सिस्टरांच्या हातात टॅब द्यायचा. कुठलं औषध, किती, किती वाजता, दिलं की नाही, कुणी दिलं, एवढंच त्यात टिपायचं. आमचा मॅनेजर समीर कामेरकर पहिल्याच दिवशी म्हणाला होता की ही तर नुसती यादी आहे, तीन महिन्यांत उडवून टाकू. मीही मान डोलावली होती. मी ठाकूरद्वारच्या वाडीत वाढलेला, गणितात बरा, आणि स्वतःला जरा जास्तच हुशार समजणारा प्रोग्रॅमर होतो. आता तेवढं समजत नाही, आणि त्याचं श्रेय सिस्टरांना आहे.

आमच्याकडे अजाईल पद्धतीनं काम चालायचं, निदान भिंतीवर तसं लिहिलेलं होतं. वर्षभर कोंडून घेऊन सगळं बांधायचं आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आदळायचं, असं करायचं नाही. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, त्यांना स्प्रिंट म्हणायचं, प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी काहीतरी चालणारं दाखवायचं, चुकलं असेल तर तिथल्या तिथे वळायचं. आणि आधी काय, नंतर काय हे ठरवायला गिऱ्हाइकाकडचा एक माणूस आपल्यात आणून बसवायचा. त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. हॉस्पिटल कुणीतरी टाय लावलेला माणूस पाठवेल अशी आमची समजूत होती. त्यांनी एकतीस वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर पाठवली.

ठेंगणी मूर्ती, घट्ट अंबाडा, सुती साडी, आणि छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. राहायला लालबागला, मूळच्या कणकवलीकडच्या. टॅबला हात लावण्याआधी त्या बेसिनवर जाऊन हात धुवायच्या. आम्ही हसायचो, तेव्हा म्हणायच्या की टॅबला काही होऊ नये म्हणून नाही धूत, मला काही होऊ नये म्हणून धुते, तुम्ही समोसे खाऊन याला बोटं लावता. पावणेबाराला खिडकीशी उभ्या राहून डबा खायच्या आणि सात-आठ मिनिटांत संपवायच्या. निवांत जेवा की, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, निवांत जेवायला गेलं की बेल वाजते. आमच्याकडे कुठलीच बेल नव्हती. तरी अकरा महिन्यांत मी त्यांना एकदाही बसून जेवताना पाहिलं नाही.

त्यांचा पहिला राग आमच्या "ऑलमोस्ट" या शब्दावर होता. ऑलमोस्ट झालंय, नव्वद टक्के झालंय, माझ्याकडून झालंय फक्त टेस्टिंग बाकी आहे, असं आम्ही दिवसभर बोलत असायचो. सिस्टर शांतपणे विचारायच्या, "दिलं, की द्यायचंय?" वॉर्डात इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं म्हणजे दिलं होत नाही. पेशंटच्या दंडात गेलं, तो बरा आहे हे दोन मिनिटं थांबून बघितलं, मग तक्त्यावर सही करायची. आधी सही आणि मग इंजेक्शन असं करणारी मुलगी त्यांच्या वॉर्डात टिकत नसे. आमच्या फळ्यावर "झालं" नावाचा रकाना होता, त्यात आम्ही चिठ्ठ्या मोठ्या ऐटीत सरकवायचो. सिस्टरांनी दुसऱ्याच आठवड्यात त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या मागे आणून लावल्या. एखाद्या सिस्टरने वॉर्डात वापरून बघितल्याशिवाय काहीही झालेलं नाही, हा त्यांचा नियम. कामेरकर आमच्या कामाच्या वेगाचा आलेख काढायचा, तो त्या महिन्यात तोंडावर आपटला आणि कामेरकर बरेच दिवस फुरंगटून होता.

सकाळी दहाला आमचं स्टँड-अप असायचं. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या, काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. सिस्टरांनी आठवडाभर हे ऐकून घेतलं. मग कामेरकरने शिष्टाचार म्हणून विचारलं की तुम्हाला काही सुचवायचंय का. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे कामेरकरांकडे बघून बोलता. आम्ही ओव्हर देताना मेट्रनकडे बघून बोलत नाही. माझ्यानंतर जी उभी राहणार, तिच्याकडे बघून बोलते मी. चुकलं तर तिला निस्तरायचंय." ड्यूटी बदलताना एका सिस्टरने दुसरीच्या हाती वॉर्ड सोपवायचा, त्याला त्या ओव्हर म्हणत.

ओव्हर म्हणजे काय ते बघायला त्यांनी आम्हा सहाजणांना एका सोमवारी सकाळी साडेसातला बायकांच्या मेडिकल वॉर्डात बोलावलं. मी कुरकुरतच गेलो. रात्रीची सिस्टर आणि सकाळची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबत होत्या, कोपऱ्यात किंवा टेबलाशी नाही, पेशंटच्या समोर. नाव, काय दिलं, काय बाकी आहे, आणि शेवटी एक वाक्य हलक्या आवाजात. हिच्या पायाची सूज बघ. ही पाणी कमी पितेय. ही एकटी उठायला बघते, पडेल. हे शेवटचं वाक्य कुठल्याच तक्त्यात नव्हतं. परत येताना सिस्टर म्हणाल्या की खरी ओव्हर ती, बाकीचं लिहिलेलं असतंच.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्टँड-अपमधला तिसरा प्रश्न बदलला. अडचण काय, हे विचारणं बंद झालं. सिस्टर प्रत्येकाला विचारायच्या, "कशाची भीती वाटतेय?"

मला तो प्रश्न अजिबात आवडला नव्हता. अडचण सांगण्यात कमीपणा नसतो, ती दुसऱ्याची असते. सर्व्हर हळू आहे, परवानगी आली नाही, अमुक माणूस सुट्टीवर आहे. भीती स्वतःची असते. पहिले काही दिवस आम्ही सगळेच "काही नाही" म्हणून सुटत होतो. मग टीममधली एक मुलगी एकदा म्हणाली की वजनावरून डोस काढायचं गणित मी लिहिलंय खरं, पण लहान मुलाच्या वजनात दशांश चिन्ह राहिलं तर काय होईल याची भीती वाटते. सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या दिवशी बाकी सगळं बाजूला ठेवून आम्ही तेवढंच केलं. हळूहळू बाकीचेही बोलायला लागले. मी सगळ्यात शेवटी, आणि तेही मोजून मापून.

कामाची यादीही त्यांनी अशीच हातात घेतली. आमच्याकडे दोनशेच्या वर चिठ्ठ्या साचल्या होत्या, ज्याला जे सुचेल ते त्याने त्यात टाकलेलं. हॉस्पिटलचे प्रशासक पालेकरसाहेब यांना सर्वांत आधी रंगीत आलेख हवे होते, कुठल्या वॉर्डात किती औषधं गेली ते मोठ्या पडद्यावर दिसेल असे. ट्रस्टींना दाखवायला ते बरे पडतात. सिस्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरल्या आणि एकेक उचलून विचारत गेल्या की हे उद्या सकाळी नसेल तर कुणाचं काय होईल. कुणाचं काही होणार नसेल तर चिठ्ठी खाली. आलेख सगळ्यात तळाशी गेले. वर राहिल्या अकरा चिठ्ठ्या. त्या म्हणाल्या, आधी एका वॉर्डात एवढंच चालवा, नीट चालवा, मग बघू. छोटं पण कामाचं असं काहीतरी आधी लोकांच्या हातात द्यावं, हे आमच्या कोर्सच्या पुस्तकात होतंच. पुस्तकातल्या त्या वाक्यासाठी पालेकरसाहेबांशी वाकडं घ्यायची हिंमत आमच्यात नव्हती, एवढाच फरक.

आणि वाकडं घेणं सिस्टरांना परवडणारं नव्हतं. हॉस्पिटलच्या मेट्रन सहा महिन्यांत निवृत्त होणार होत्या. पुढचं नाव शिर्के सिस्टरांचंच होतं, हे हॉस्पिटलात लिफ्टमनलाही माहीत होतं. त्यांची नोकरी दोनेक वर्षं उरली होती. मेट्रन म्हणून निवृत्त व्हावं ही त्यांच्या घरच्यांची इच्छा होती आणि त्यांचीही होती. त्यांनी ती कधी लपवली नाही. त्या पदाचा निर्णय पालेकरसाहेबांच्या हातात होता.

आता माझं सांगतो.

वॉर्डाच्या टोकाला, लिफ्टच्या भिंतीला लागून एकोणीस नंबरची खाट होती. तिथे वाय-फाय पोचत नसे. नेटवर्क नसलं तरी टॅबवर नोंद करता यावी आणि नेटवर्क आलं की ती आपोआप पुढे जावी, हे काम माझ्याकडे होतं. मी ते केलं. ऑफिसात टॅबचं वाय-फाय बंद करून पाहिलं, पुन्हा चालू केलं, नोंद गेली. स्प्रिंटचा शेवट आला होता, दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या लोकांसमोर डेमो होता. त्या सकाळी अंघोळ करताना माझ्या डोक्यात आलं की वॉर्डात टॅब एक नाही, चार आहेत. एका टॅबवर केलेली नोंद पुढे गेलीच नाही, तर दुसऱ्या टॅबला काय दिसेल? बघायला दोन दिवस लागले असते. दहाला आम्ही उभे राहिलो. सिस्टरांनी विचारलं, "निखिल, कशाची भीती वाटतेय?"

मी म्हटलं, "काही नाही."

डेमो छान झाला. पालेकरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. दोन आठवड्यांनी बायकांच्या मेडिकल वॉर्डात टॅब चालू झाले. सिस्टरांनी एक अट घातली होती की कागदी तक्ता खाटेवरून निघणार नाही. दोन्हीकडे लिहायचं. वॉर्डातल्या मुली वैतागल्या, दुप्पट काम म्हणून कुरकुरल्या, कामेरकरलाही ते आवडलं नव्हतं. सिस्टर कुणाचं ऐकेनात.

चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजून गेल्यावर मला हॉस्पिटलमधून फोन आला. लगेच या, एवढंच सांगितलं. मी लोअर परळहून टॅक्सी पकडली आणि संपूर्ण रस्ताभर मला माहीत होतं काय झालं असेल ते.

एकोणीस नंबरवर सत्तरीच्या एक आजी होत्या. डायबेटिसच्या. सकाळच्या सिस्टरने त्यांना बाराला, जेवणाआधी इन्शुलिन दिलं, टॅबवर आणि कागदावर दोन्हीकडे नोंद केली, आणि तेवढ्यात दुसऱ्या पेशंटला घेऊन तिला एक्स-रेला जावं लागलं. जाताना टॅब तिच्याबरोबर गेला, एक्स-रेलाही वाय-फाय नव्हतं, नोंद त्याच्या पोटातच राहिली. दोन वाजता ड्यूटी बदलली. ओव्हर द्यायला ती नव्हती, म्हणून सकाळच्याच दुसऱ्या एका सिस्टरने वेगळ्या टॅबवर वाचून ओव्हर दिली. त्या टॅबवर एकोणीस नंबरचं इन्शुलिन बाकी दिसत होतं. दुपारच्या ड्यूटीवर रेश्मा नावाची नवी मुलगी होती, नोकरीला लागून चार महिने झालेली. तिने इन्शुलिन भरलं, आजींचा दंड पुसला, आणि सवयीने खाटेवरच्या कागदाकडे बघितलं. तिथे बाराची सही होती. तिने सुई मागे घेतली.

मी पोचलो तेव्हा आजी उशीला टेकून बसल्या होत्या आणि वॉर्डातल्या मावशींशी गप्पा मारत होत्या. रेश्मा ड्रेसिंगच्या खोलीत स्टुलावर बसून रडत होती. शिर्के सिस्टर तिच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दर स्प्रिंटनंतर आम्ही एक बैठक घेत असू, काय चांगलं झालं, काय चुकलं ते बोलायला. तीत दर वेळी तीच पिवळी चिठ्ठी लागायची, संवाद सुधारायला हवा. त्या दिवशीची बैठक सिस्टरांनी ड्रेसिंगच्या खोलीत घेतली, उभ्यानेच. कुणी केलं, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. प्रत्येकाला विचारलं की तुझ्या हातात काय होतं, तुला काय दिसलं, आणि तुला काय वाटलं. सकाळची सिस्टर बोलली, रेश्मा बोलली, मग माझी पाळी आली. मी म्हटलं की टॅब एकमेकांशी बोलत नाहीत, मधल्या सर्व्हरशी बोलतात, त्यामुळे असं होऊ शकतं. मग मी म्हटलं की हे मला आधी वाटलं होतं.

"कधी?"

"डेमोच्या दिवशी सकाळी."

"मी विचारलं होतं."

"हो."

कामेरकरने जमिनीकडे बघितलं. मला वाटलं, आता सिस्टर सगळ्यांसमोर मला फाडून खाणार. त्यांनी माझं वाक्य होतं तसं वहीत लिहिलं आणि मग हळू आवाजात म्हणाल्या की आता माझंही लिहिते. त्या सकाळी मलाही डेमोची घाई होती. तो "काही नाही" म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांनी तेही वहीत उतरवलं आणि खाली आपलं नाव घातलं. इतक्या वर्षांत मी कुठल्याही मॅनेजरला असं करताना पाहिलेलं नाही, आणि त्या काही मॅनेजर नव्हत्या.

संस्थापकांचा स्मृतिदिन नऊ दिवसांवर आला होता. त्या दिवशी सगळ्या वॉर्डांतून कागद हद्दपार होणार, ट्रस्टी येणार, फीत कापणार, हे ठरलेलं होतं. छापलेली निमंत्रणंही गेली होती. पालेकरसाहेब दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी या कामासाठी दारोदार फिरून देणगीदार गोळा केले होते, आणि एकही दुखावून चालणार नव्हता. पण कागद बंद करायला हरकत नाही, या पत्रावर सिस्टरांची सही लागत होती. हॉस्पिटलचा नियम होता. ती सही नसेल तर पुढच्या वॉर्डांचं काम थांबणार, आमची टीम मोडणार, आणि मेट्रनच्या खुर्चीवर कोण बसणार हे सगळ्यांना कळणार होतं.

मी आठवडाभर मान मोडून काम केलं. दोन टॅबचा घोळ निस्तरला, वॉर्डात एकोणिसाव्या खाटेपाशी उभं राहून दहादा तपासला. रेश्मानेही तपासला. सिस्टर रोज येऊन बघायच्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

पत्रावर सही करायची बैठक पालेकरसाहेबांच्या खोलीत दुपारी तीनला होती. साहेब, सिस्टर, कामेरकर आणि मी. लिफ्टमध्ये कामेरकरने माझा दंड धरला आणि म्हणाला, "विचारलं तर फक्त सगळं ठीक आहे म्हण. बाकीचं पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू." मी मान डोलावली. माझी मान डोलवायची सवय काही गेली नव्हती.

पालेकरसाहेबांनी चहा मागवला. पत्र सिस्टरांसमोर सरकवलं आणि म्हणाले की तुमच्यामुळे हे एवढं पुढे आलं, हॉस्पिटल तुमची आठवण ठेवेल. ते कशाबद्दल बोलताहेत हे खोलीत सगळ्यांना समजलं. सिस्टरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. पर्समधून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडून पेनच्या मागे लावलं. मग माझ्याकडे वळल्या.

"निखिल, कशाची भीती वाटतेय?"

मी कामेरकरकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोललो नसतो. मी म्हटलं की दोन टॅब एकदम नेटवर्कबाहेर गेले, तर आधीची नोंद कुठली आणि नंतरची कुठली हे त्यांच्या घड्याळांवरून ठरतं. घड्याळं बरोबर असतील तर सगळं ठीक आहे. एखाद्याचं घड्याळ मागे पडलं असेल तर काय होईल, ते मी बघितलेलं नाही.

"बघायला किती दिवस?"

"माहीत नाही. स्मृतिदिनाच्या आत नक्की नाही."

पालेकरसाहेब म्हणाले की असं प्रत्येक गोष्टीत काही ना काही निघतच राहणार. सिस्टर म्हणाल्या, निघतंच. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि पत्र परत सरकवलं. तो एक वॉर्ड चालू राहू दे, कागद खाटेवर राहू दे, बाकीचे वॉर्ड नंतर. साहेबांनी विचारलं की नीट विचार केलात ना. त्यांनी नुसती मान हलवली. चहा तसाच राहिला.

स्मृतिदिन झाला. मोठ्या पडद्यावर रंगीत आलेख दाखवले गेले, फक्त एका वॉर्डाचे. टाळ्याही पडल्या. पुढच्या सोमवारी सिस्टरांना आमच्या कामातून मोकळं करून परत वॉर्डात पाठवल्याचं पत्र आलं, आणि प्रशासनाच्या कार्यालयातून शेवटी टाय लावलेला माणूस आला. दोन महिन्यांनी मेट्रन म्हणून दुसऱ्याच बाईंचं नाव लागलं. कामेरकर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. टीम मात्र मोडली नाही. वॉर्ड चालू होता, तो बंद करणं साहेबांनाही जड गेलं असतं.

घड्याळाचं प्रकरण मी पुढे तपासलं. चारातला एक टॅब खरोखरच अकरा मिनिटं मागे होता. त्याच्यावर नोंद करून तो आणि दुसरा एक टॅब नेटवर्कमध्ये आणले, तर दिलेला डोस तक्त्यावरून पुसला गेला आणि तिथे पुन्हा "बाकी" आलं. मी ते चार वेळा करून पाहिलं. सगळ्या वॉर्डांत, कागदाशिवाय, हे चालू झालं असतं. ते दुरुस्त करायला दहा आठवडे लागले.

शिर्के सिस्टरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होऊन गावी गेल्या असं रेश्माकडून कळलं, पण त्याआधी एकदा त्यांना हे सांगायलाच हवं असं मला वाटत होतं. भोईवाड्याच्या बाजूच्या फाटकाशी पावणेदोनला उभा राहिलो. त्या लालबागहून चालत आल्या, हातात छत्री, खांद्याला पर्स. मला बघून म्हणाल्या, "काय रे, जेवलास?" मी घड्याळाचं सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं की आता वॉर्डातून बघितलं का कुणी. रेश्माने तीन आठवडे बघितलं, असं म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. मग जे बोलायला मी आलो होतो ते बोललो. माझ्यामुळे तुमचं मेट्रनपद गेलं, सिस्टर. मला माफ करा. मी गप्प बसलो असतो तरी तुम्ही सही केली नसतीत हे मला माहीत आहे, पण निदान मी तरी कारण झालो नसतो.

त्या फाटकाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला सरकल्या.

"मी सही करायलाच आले होते रे," त्या म्हणाल्या. "घरी सांगून निघाले होते, आज करून टाकते म्हणून. दमले होते मी. म्हटलं, एकतीस वर्षं झाली, एकदा आपलंही बघूया. तुला विचारलं ते सवयीनं. विचारलं, आणि मनात म्हणत होते, म्हण बाबा, काही नाही म्हण."

फाटकातून एक रुग्णवाहिका आत गेली, तिला वाट द्यायला आम्ही दोघं भिंतीशी सरकलो. सिस्टरांनी छातीवरचं घड्याळ बघितलं. दोनला पाच कमी होती. आधीची सिस्टर ओव्हर द्यायला वाट बघत असणार, एवढं म्हणून त्या आत गेल्या.